दोन सुताची फळी

सुताराच्या मापात एक इंच म्हणजे आठ सूत. दोन सुताची फळी म्हणजे पाव इंचाची, साधारण सहा मिलिमीटर जाडीची. सलग लाकडातून चिरून काढलेली, दोन्ही अंगांनी रंधा मारलेली आणि वर्षभर सपाट राहणारी अशी फळी हा छोट्या सुतारकामाचा पाया आहे. फणेरपेटीचे झाकण, देव्हाऱ्याची पाठ, टेबलाच्या खणाचा तळ, दागिन्यांची डबी, आरशामागची फळी, वाद्याची तबली ही सगळी कामे तिच्यावरच उभी राहतात. एका सुतापासून तीन सुतांपर्यंत, म्हणजे सुमारे तीन ते दहा मिलिमीटरपर्यंत, या फळ्यांचा पल्ला आहे. त्याहून बारीक झाली तर तो नुसता पापुद्रा, त्याहून जाड झाली तर ती नेहमीची फळी.

दिसायला हे काम सोपे वाटते: जाड फळी घ्यावी, चिरावी, घासावी, वापरावी. प्रत्यक्षात जाड फळीत खपून जाणारी चूक पातळ फळीत लपत नाही. लाकूड ओले असेल तर ती पीळ खाते. रेषे चुकीच्या दिशेला असतील तर हाताच्या दाबानेही मोडते. चारही बाजूंनी जखडली तर मधोमध तडकते. म्हणून पातळ फळी कशी करावी याचे उत्तर करवतीपाशी सुरू होत नाही. ते झाडापाशी सुरू होते आणि फळी चौकटीत सैल बसेपर्यंत पुरे होत नाही.

जिल्हा आणि त्याचे लाकूड

इथे ज्या झाडांचा विचार केला आहे ती नंदुरबार जिल्ह्यातली. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. उत्तरेला नर्मदा, तिच्या दक्षिणेला सातपुड्याच्या रांगा, त्याखाली तापीचा सपाट पट्टा आणि नैऋत्येला गुजरातला भिडलेले नवापूरचे रान अशी त्याची ठेवण आहे. सातपुड्यातील वनांचा कारभार पाहणाऱ्या तळोद्याच्या वनविभागाला आजही जुन्या मेवासी संस्थानांवरून मेवासी वनविभाग म्हणतात. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे नवापूर लाकडाच्या व्यापारासाठी ओळखले जाते.

ही वने शुष्क पानझडीची आहेत आणि त्यांत साग हे मुख्य झाड आहे. कोकणातल्या किंवा केरळातल्या पावसाळी रानात साग झपाट्याने वाढतो आणि सरळसोट होतो. सातपुड्याच्या उथळ, खडकाळ मातीत तो सावकाश वाढतो, घेर बेताचा राहतो, खोडाला बाक आणि गाठी येतात. अशा खोडातून हातभर रुंदीची फळी निघत नाही. 90 सेंटिमीटर घेराच्या ओंडक्याचा व्यास 29 सेंटिमीटरच्या आसपास भरतो. साल, बाहेरचे पांढरे लाकूड आणि गाभ्यातला भुसभुशीत भाग वगळला, तर केंद्रापासून सालीकडे जाणाऱ्या फळीला जेमतेम 10 सेंटिमीटर रुंदी मिळते.

इथेच पातळ फळीचे महत्त्व कळते. एक घनफूट लाकडातून पाऊण इंची तयार फळ्या काढल्या आणि चिरण्या-तासण्याची घट धरून प्रत्येकीला 25 मिलिमीटर सोडले, तर 12 चौरस फूट फळी मिळते. त्याच लाकडातून सहा मिलिमीटरच्या फळ्या काढताना प्रत्येकीमागे साडेनऊ मिलिमीटर जातात आणि 32 चौरस फूट पृष्ठभाग मिळतो. सावकाश वाढणाऱ्या, बारीक घेराच्या सागाचा पुरेपूर उपयोग करण्याची ही रीत आहे. बांधावर साग लावलेला शेतकरी, पेट्या-डब्या करणारा गावचा सुतार आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकणारा विद्यार्थी या तिघांनाही तिचा उपयोग आहे.

साग सर्वांत विश्वासाचा असला तरी एकटा नाही. शिवण हे हलके, फिकट रंगाचे लाकूड फारच कमी आटते. पातळ फळीसाठी ते सागाच्या तोडीचे आहे आणि कोरीवकामालाही चांगले. हेदूचे लाकूड पिवळसर, बारीक पोताचे. त्याच्या डब्या आणि फण्या गुळगुळीत होतात, मात्र वाळताना वरच्या अंगाला बारीक तडे जाऊ नयेत म्हणून ते सावलीत जपावे लागते. बिबळा तांबूस आणि टिकाऊ आहे, पण ओल लागली की त्याचा रंग सुटतो. पांढऱ्या कापडाशी संबंध येणाऱ्या पेटीत तो आतून वापरू नये. शिसव काळपट, जड आणि देखणी. ती दुर्मीळ झाल्याने तिच्या एक सुती पट्ट्या सागात जडवण्यापुरत्या वापरणे शहाणपणाचे. ऐन मजबूत आहे, पण वाळताना तडकतो; अंजन इतके कठीण आणि वजनदार आहे की पातळ चिरताना करवतच हरते. आंबा आणि सलई स्वस्त व मऊ आहेत, खोक्यांना चालतात, पण त्यांना कीड आणि बुरशी लवकर लागते.

लाकूड कुठून आले याला कामाइतकेच महत्त्व आहे. शेतातला साग तोडण्यासाठी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लागू होतो. आदिवासी खातेदारांच्या मालकीच्या झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा स्वतंत्र कायदा आहे; व्यापाऱ्याने खातेदाराची फसवणूक करून कवडीमोलाने झाडे नेऊ नयेत हा त्यामागचा हेतू. तोडलेल्या मालावर वनखात्याच्या हातोडीचा शिक्का आणि सोबत वाहतूक परवाना लागतो, आरागिरणीलाही परवाना लागतो. छोट्या कामासाठी दोन मार्ग सोयीचे आहेत: परवानाधारक आरागिरणीतून पावतीसह फळी घेणे, किंवा पाडलेल्या जुन्या घरांचे लाकूड घेणे. जुन्या तुळया-खांबांचा साग अनेक दशके वाळलेला असतो आणि पातळ फळीसाठी त्यासारखे लाकूड नाही. फक्त चिरण्याआधी चुंबक फिरवून आतले खिळे शोधून काढावे लागतात.

प्लाय असताना सलग लाकूड कशाला

सहा मिलिमीटरचा प्लाय कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. ओंडका गोल फिरवत सोललेले पापुद्रे, एकाचे रेषे उभे तर पुढच्याचे आडवे, असे थर चिकटवून तो बनतो. या उभ्या-आडव्या बांधणीमुळे तो ऋतूंप्रमाणे फारसा फुगत किंवा आटत नाही. कपाटाची मोठी पाठ किंवा पलंगाखालचा फळा यांसाठी प्लायच योग्य.

छोट्या वस्तूत मात्र फळीची कड डोळ्यांसमोर असते, बोट तिच्यावरून फिरते. प्लायच्या कडेला थर दिसतात. तिला गोलाई देता येत नाही, तिच्यावर नक्षी कोरता येत नाही. वरचा शोभेचा पापुद्रा इतका बारीक असतो की एकदा खरवडला गेला की आतला थर उघडा पडतो. सलग फळीत आत-बाहेर एकच लाकूड असते. तीस वर्षांनी डाग पडलेले झाकण हलका रंधा मारून पुन्हा नवे करता येते. वाद्याच्या बाबतीत तर हा प्रश्न आवाजाचाच आहे. मिरजेचे कारागीर सतार आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर बसणारी तबली सलग लाकडाची करतात. त्यासाठी तुणाचे लाकूड वापरण्याची रीत आहे. सलग रेष्यांची बारीक फळी तारेचे कंपन जसे उचलते, तसे चिकटवलेले थर उचलत नाहीत.

लाकूड हलते

झाड तोडले तरी लाकडाचा हवेशी व्यवहार थांबत नाही. दमट हवेत ते ओलावा घेते आणि फुगते, कोरड्या हवेत ओलावा सोडते आणि आटते. रेष्यांच्या लांबीत हा बदल नगण्य असतो, रुंदीत मात्र मोजण्याइतका होतो. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत केंद्राकडून सालीकडच्या दिशेत सुमारे अडीच टक्के आटतो, तर वर्षवलयांच्या दिशेत पाच ते सहा टक्के. दुप्पट फरकाच्या या दोन आकड्यांत पातळ फळीचे जवळजवळ सगळे शास्त्र सामावले आहे.

नंदुरबारच्या हवामानात हा व्यवहार तीव्र होतो. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडीठाक होते. हवेतील सापेक्ष आर्द्रता 25 टक्क्यांवर राहिली तर लाकडातला ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास उतरू पाहतो; पावसाळ्यात ती 80 टक्क्यांवर टिकली तर तो सोळा टक्क्यांकडे चढतो. घरातल्या पेटीपर्यंत हा बदल सौम्य होऊन पोचतो. तो सहा टक्के धरला, तर आठ इंच रुंदीची, वलये आडवी (रुंद अंगाला समांतर) असलेली सागाची फळी उन्हाळा आणि पावसाळा यांत सुमारे दोन मिलिमीटर कमी-जास्त होते. वलये उभी असतील तर हाच फरक एक मिलिमीटरवर येतो. दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण चारही बाजूंनी सरसात घट्ट बसवलेली फळी तेवढ्यासाठी चौकट फोडते किंवा स्वतः फुटते.

जाडीचाही इथे संबंध येतो. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी निम्मी झाली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. त्यामुळे बारा मिलिमीटरची फळी ओलाव्याच्या ओढीला जो विरोध करते तो सहा मिलिमीटरच्या फळीला जमत नाही. शिवाय ती ओलावा लवकर घेते आणि लवकर सोडते. एका अंगावर ऊन आणि दुसऱ्या अंगाखाली थंड फरशी असेल, तर तासाभरात ती पन्हळीसारखी होते. अशी फळी उलटून ठेवली किंवा दोन्ही अंगांना सारखी हवा मिळू दिली की बहुधा पूर्वपदावर येते.

फळीचे तोंड वाचणे

फळीच्या टोकाकडून पाहिले की वर्षवलयांच्या कमानी दिसतात. सागात त्या स्पष्ट असतात, कारण वाढीच्या सुरुवातीच्या लाकडातली छिद्रे मोठी असतात. कमानी फळीच्या रुंद अंगाला समांतर असतील तर ती आडव्या वलयांची फळी. तिच्या पृष्ठभागावर डोंगरासारखी, ज्वाळेसारखी चित्रे उमटतात. ती दिसायला सुंदर, पण रुंदीत अधिक हलते आणि वाळताना सालीकडचे अंग आत घेऊन पन्हळीसारखी वाकते. वलये रुंद अंगाला काटकोनात उभी असतील तर पृष्ठभागावर सरळ, समांतर रेघा दिसतात. ही उभ्या वलयांची फळी कमी हलते आणि सपाट राहते.

पातळ कामासाठी उभ्या वलयांची फळी आधी निवडावी. ती अरुंद मिळते, पण अरुंद फळ्या कडेला कड लावून जोडता येतात. आडव्या वलयांची चित्रे हवीच असतील तर ती लहान झाकणांसाठी, चार-पाच इंच रुंदीपर्यंत राखून ठेवावीत. गाठीभोवती रेषे वळतात, म्हणून दोन-तीन सुताच्या फळीत गाठ टाळावी. केंद्रातला गाभा कधीच घेऊ नये, कारण तडा तिथूनच सुरू होतो. सागाच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला टिकाऊपणा नसतो आणि भुंग्याच्या जातीची कीड त्याचे पीठ करते. ते वापरायचेच असेल तर बोरिक अॅसिड आणि बोरॅक्सच्या द्रावणात भिजवून, पुन्हा वाळवून वापरावे. फळी पातळ असल्याने द्रावण आतपर्यंत पोचते.

वाळवण

इंचाला एक वर्ष हा सुतारांचा जुना ठोकताळा. एक इंच जाडीची ओली फळी हवेत वाळायला साधारण वर्ष लागते. पातळ फळ्या ओल्या लाकडातून थेट काढल्या तर त्या काही आठवड्यांत वाळतात, पण त्यांतल्या बऱ्याच वाकतात. म्हणून खात्रीचा मार्ग असा: इंच-दीड इंचाच्या फळ्या आधी पूर्ण वाळवाव्यात, मग त्या चिरून पातळ कराव्यात.

थप्पी सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच रचावी. दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या दीड-दीड फुटावर, वरपासून खालपर्यंत एका रेषेत ठेवाव्यात. पट्टी सरकली की फळीला तिथे बाक येतो. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने निघते, म्हणून फळीच्या दोन्ही टोकांना जुना तेलरंग किंवा वितळलेले मेण फासावे. वर दगडांचे वजन ठेवावे. खानदेशात खरी काळजी घ्यायची ती चैत्र-वैशाखात, गरम वारा सुटतो तेव्हा. त्या दिवसांत थप्पीच्या वाऱ्याकडच्या बाजूला गोणपाट बांधले तर तडे टळतात.

वाळले की नाही हे अंदाजावर सोडू नये. ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र मिळते. ते नसले तरी तराजू पुरतो. फळीच्या मधल्या भागातला तुकडा कापून वजन करावे, भट्टीत 103 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा आणि पुन्हा तोलावा. आधी 112 ग्रॅम आणि नंतर 100 ग्रॅम भरला, तर लाकडात 12 टक्के ओलावा होता. भारतीय मानक 287 मध्ये देशाचे हवामानानुसार विभाग पाडून कोणत्या कामाच्या लाकडात किती ओलावा चालेल हे दिले आहे. नंदुरबारसारख्या भागात पेटीकामासाठी 8 ते 10 टक्क्यांची फळी वर्षभराच्या चढउताराच्या मध्यावर येते.

चिरणे

पूर्वी मोठा ओंडका दोघे मिळून चिरत. गेरूत भिजवलेले सूत ताणून रेघ उमटवायची, एकाने वर उभे राहायचे, दुसऱ्याने खाली, आणि लांब करवत ओढायची. आज ओंडका आरागिरणीत जातो, पण वाळलेल्या फळीतून पातळ फळ्या काढण्याचे काम कारागिराने स्वतः करावे, कारण त्यातले निर्णय रेघ पाहूनच घ्यावे लागतात.

या कामाला पट्ट्याची करवत, म्हणजे बँडसॉ, सर्वांत योग्य. तिच्या पात्याची चीर दीड मिलिमीटरच्या आत राहते. गोल पात्याच्या करवतीची तीन मिलिमीटरपर्यंत जाते. पन्नास मिलिमीटर जाडीच्या फळीतून रंधण्यासाठी दोन मिलिमीटर राखून आठ-आठ मिलिमीटरच्या चकत्या काढायच्या, तर बँडसॉवर पाच निघतात: पाच चकत्यांचे 40 आणि चार चिरांचे 6, मिळून 46 मिलिमीटर. गोल पात्यावर त्याच पाच चकत्यांना 52 मिलिमीटर लागतात, म्हणून चारच मिळतात. पाचवी चकती भुशात जाते.

फळीचे एक अंग आणि एक कड आधी काटकोनात तासून घ्यावी. पाते रुंद आणि इंचाला तीन-चार दात असलेले घ्यावे. बारीक दातांत भुसा अडकून पाते भरकटते. सागाच्या लाकडात सिलिका असते आणि ती धार खाते. करवत जोर मागू लागली, काप जळका दिसू लागला की दात बोथट झाले असे समजावे. जोर लावून ढकलत राहिल्यास चकती पाचरीसारखी, एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ निघते. प्रत्येक चकती काढल्यावर मूळ फळीचे कापलेले अंग पुन्हा तासावे. त्यामुळे प्रत्येक चकतीला एक सपाट अंग आयतेच मिळते. चिरण्याआधी फळीच्या टोकावर तिरकी रेघ मारली, तर नंतर चकत्या मूळ क्रमाने लावता येतात. शेवटचा हातभर काप हाताऐवजी लाकडी काठीने ढकलावा आणि नाकावर मास्क ठेवावा. सागाचा बारीक भुसा छातीला त्रास देतो.

यंत्र नसेल तर चार-पाच इंच रुंदीची फळी हातकरवतीनेही चिरता येते. मार्किंग गेजने चारही कडांवर रेघ फिरवावी. फळी उभी धरून कोपऱ्यातून तिरका काप सुरू करावा, थोडे कापले की फळी फिरवून समोरच्या कोपऱ्यातून कापावे. दोन्ही बाजूंच्या चिरा एकमेकींना वाट दाखवतात आणि करवत रेघ सोडत नाही.

चिरताच फळीतले दबलेले ताण मोकळे होतात. सकाळी काढलेली सपाट चकती संध्याकाळपर्यंत किंचित वाकलेली दिसते. तिला लगेच तासून नेमक्या मापावर आणू नये. चकत्यांमध्ये पट्ट्या घालून, वर वजन ठेवून आठ-पंधरा दिवस खोलीतल्या हवेत राहू द्याव्यात. या पंधरवड्यात जे वाकायचे ते वाकून घेते आणि राखलेल्या दोन मिलिमीटरमध्ये त्याची दुरुस्ती होते.

रंधा आणि जोड

दोन सुताची फळी बाकावर शिकंजात धरता येत नाही. दाबली की वाकते आणि वाकलेली फळी तासली की सोडल्यावर उलटी वाकते. तिच्याखाली सपाट जाड फळा घ्यावा आणि त्याच्या टोकाला तयार फळीहून पातळ अडसर ठोकावा. फळी त्याला टेकवून रंधा अडसराच्या दिशेने चालवावा. पाते धारदार, धार बाहेर केसभर, आणि दोन्ही अंगांतून सारखेच लाकूड काढावे. एकाच अंगाने सगळे तासले तर ओलाव्याचा तोल बिघडतो. यंत्रावरच्या रंध्यात पाच-सहा मिलिमीटरखालची फळी एकटी घालू नये. पात्याच्या माऱ्याने ती थरथरते आणि फुटते. तिला जाड पाठफळीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवून मगच आत सोडावी. उलट्या रेष्यांमुळे रंधा चिरफाळ्या काढत असेल तर पोलादी पत्र्याच्या स्क्रेपरने खरवडावे आणि शेवटी पॉलिश पेपर रेष्यांच्या दिशेनेच फिरवावा.

अरुंद फळ्या जोडताना एकाच फळीतून निघालेल्या दोन लगतच्या चकत्या पुस्तकासारख्या उघडून शेजारी ठेवल्या, तर रेघांचे चित्र आरशातल्यासारखे जुळते. दोन्ही कडा एकत्र धरून एकदम रंधाव्यात. कोनात बारीक चूक झाली तरी ती दोघींत उलटसुलट पडून नाहीशी होते. कडा जुळवून उजेडासमोर धरल्यावर मधून प्रकाश दिसू नये. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून रंधल्याच्या दिवशीच, कडा अॅसिटोनने पुसून, सरस लावावा. शिळ्या कडेवर जोड कच्चा राहतो. आज बहुतेक ठिकाणी पांढरा सिंथेटिक गोंद वापरतात.

पातळ फळ्यांना क्लॅम्पचा जोर लावला की त्या मधून उचलल्या जातात. त्यावर सोपी युक्ती अशी: सपाट फळ्यावर, दोन्ही फळ्यांच्या एकूण रुंदीपेक्षा किंचित कमी अंतरावर, दोन पट्ट्या ठोकाव्यात. फळ्या पट्ट्यांना टेकवून मध्ये तंबूसारख्या उभ्या कराव्यात आणि हाताने खाली दाबाव्यात. त्या सपाट बसतात तेव्हा जोडावर आपोआप दाब येतो. खाली-वर कागद घालून वजन ठेवले की काम झाले. गोंद पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे दिवसभर, तो जोड तासू नये. ओल्या गोंदाने फुगलेली कड तासली तर वाळल्यावर तिथे खोल रेघ राहते.

बसवणे

फळी कितीही चांगली झाली तरी तिची परीक्षा बसवताना होते. रेष्यांच्या दिशेत तिला घट्ट धरले तरी चालते, आडव्या दिशेत हलायला जागा द्यावीच लागते. घरच्या लाकडी पाटाखाली दोन आडव्या पट्ट्या असतात. त्या फळीला पूर्ण लांबीभर चिकटवल्या किंवा खिळ्यांनी गच्च ठोकल्या, तर फळी आटताना मध्ये फाटते. खाचेत सरकत्या बसवल्या तर पाट पिढ्यान्पिढ्या टिकतो. पातळ पॅनेलचा नियम हाच.

चौकटीला कुसू आणि खोबण यांनी चार कोपऱ्यांत जोडावे, आतल्या कडेला सहा-सात मिलिमीटर खोल खाच पाडावी आणि फळी त्या खाचेत सरस न लावता सोडावी. फळी खडखडू नये म्हणून वरच्या आणि खालच्या पट्टीच्या मध्यावर एकेक बारीक खिळा पुरे. मग फुगणे-आटणे दोन्ही बाजूंना सारखे वाटले जाते. किती जागा सोडायची हे ऋतू ठरवतो. वैशाखात केलेली फळी आटलेली असते, म्हणून आठ इंचांमागे दोन्ही बाजू मिळून दोन-अडीच मिलिमीटर मोकळे ठेवावे. श्रावणात केलेली फळी फुगलेली असते. ती खाचेच्या तळापर्यंत नेली तरी चालते, मात्र खाच खोल हवी, नाहीतर उन्हाळ्यात फळीची कड बाहेर डोकावते.

खणाच्या तळाचे रेषे डावीकडून उजवीकडे असावेत. त्या दिशेत लाकूड हलत नाही आणि वजनही रेष्यांवर तोलले जाते. फुगवटा मागे जातो, म्हणून खणाची मागची पट्टी तळाच्या वर संपवावी आणि तळ तिला लांबट भोकातून एकाच स्क्रूने धरावा. डबीच्या बाजू करताना चारही फळ्यांचे रेषे आडवे, डबीभोवती फिरणारे ठेवावेत. मग बाजू उंचीत एकसारख्या हलतात आणि कोपरे ताणत नाहीत. तळ आणि झाकण मात्र त्यांच्या खाचेत मोकळे राहू द्यावेत.

पॉलिश

चौकटीत बसवण्याआधी पॅनेलला पॉलिश पुरे करावे. नंतर केले तर पहिल्याच उन्हाळ्यात फळी आटते आणि कडेला पांढरी, कोरी रेघ उघडी पडते. दोन्ही अंगांना आणि चारही कडांना सारखेच हात द्यावेत. एकच अंग रंगवले तर दुसऱ्यातून ओलावा ये-जा करतो आणि फळी वाकते. स्पिरिटमध्ये विरघळलेल्या चपडीचे पॉलिश छोट्या पेट्यांना उत्तम. ते लवकर वाळते, आतल्या वस्तूला वास लागत नाही आणि ओलाव्याला चांगले अडवते. जवसाचे तेल सागाचा रंग खुलवते, पण ओलावा फारसा रोखत नाही. त्यावर मेणाचा हात द्यावा. चिंधी तेलाने भिजली की ती मोकळी पसरून वाळवावी, बोळा करून ठेवल्यास ती आपोआप पेट घेऊ शकते. कोणतेही पॉलिश लाकडाचे हलणे थांबवत नाही, फक्त मंदावते. त्यामुळे चांगल्या पॉलिशनंतरही खाचेतली मोकळी जागा तशीच लागते.

तयार पेटी एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून पाहावी. पावसाळ्यात झाकण अडत नसेल, उन्हाळ्यात पॅनेलच्या कडेला फट दिसत नसेल आणि फळीवर पट्टी आडवी धरल्यावर खालून उजेड येत नसेल, तर लाकूड नीट वाळले होते, रेषे योग्य दिशेला होते आणि फळीला पुरेशी जागा मिळाली होती. यांपैकी काही चुकले असेल तर दोष कोणत्या टप्प्यावर राहिला हेही तीच पेटी दाखवते: अडणारे झाकण जागेची कमतरता सांगते, पीळ अपुरी वाळवण सांगतो आणि मधला तडा जखडलेली फळी सांगतो.